एका गडवाटेची दुरुस्ती: तीन पावसाळ्यांचे प्रकरण

हे प्रकरण सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या एका गडाचे आहे. गडाचे आणि गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण वाडी लहान आहे आणि नाव दिले की माणसे ओळखू येतात. ही वाट दुरुस्त करणाऱ्या आमच्या पुण्याच्या गटात मी पहिल्या रविवारपासून आहे, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांत माझाही हात आहे.

पार्श्वभूमी

गड पुण्यापासून तीनेक तासांवर. पायथ्याला तीस-पस्तीस उंबऱ्यांची वाडी. वाडीतून निघालेली वाट भातखाचरांच्या बांधांवरून जाते, पदरातल्या, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाटीवरच्या, झाडीत शिरते आणि मग डोंगराच्या एका सोंडेवर चढते. सोंड संपली की कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि पडका दरवाजा. जुलै 2025मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे 12 किल्ले गेले, त्यांत हा नाही. इथे तिकीटघर नाही, पहारेकरी नाही. पदर आणि सोंड वनखात्याच्या हद्दीत, माथ्यावरची तटबंदी राज्य संरक्षित स्मारक. वाटेची देखभाल मात्र कोणाच्याच कामात लिहिलेली नाही.

पूर्वी सुट्टीच्या दिवशी दहा-पंधरा माणसे गडावर दिसायची. आता पावसाळ्यातल्या रविवारी गाड्यांची रांग वाडीच्या देवळापासून ओढ्याच्या पुलापर्यंत जाते. माणसे वाढली आणि वाट खचली, असा सरळ हिशोब आम्ही सगळ्यांनी मनात मांडला होता. तो अर्धाच खरा होता.

इथल्या डोंगराची घडण समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. सह्याद्री म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर, एकावर एक. काळा कातळ टणक असतो, पण दोन थरांच्या मध्ये ठिकठिकाणी तांबड्या, मातकट दगडाचा पट्टा सापडतो. कोरडा असताना तो घट्ट वाटतो. भिजला की नखाने उकरता येतो. आमच्या सोंडेवरची वाट असा एक पट्टा ओलांडते. वाट सगळ्यात जास्त खराब झाली ती नेमकी तिथे.

अडचण

सोंडेवरचा साधारण 180 मीटरचा टप्पा ही खरी अडचण. वाट उताराला सरळ लागलेली होती, म्हणजे पाणी ज्या दिशेने खाली येईल त्याच रेषेत माणूस वर चढत होता. दर पावसाळ्यात त्या रेषेत ओघळ खोल होत गेला. तांबड्या पट्ट्यात तो कमरेएवढा झाला होता. ओघळातून चालता येईना, म्हणून लोक काठावरून चालू लागले. काठ ढासळले की त्याच्याही बाहेरून. एका वाटेच्या पाच वाटा झाल्या. मधले गवत गेले, माती उघडी पडली, आणि प्रत्येक नव्या वाटेत पुन्हा पाणी शिरू लागले.

एका जुलैत घसाऱ्यावर एका मुलीचा पाय सटकला आणि घोटा मोडला. वाडीतल्या चौघांनी तिला घोंगडीच्या झोळीत घालून दोन तासांत खाली आणले. त्या दिवशी आमच्यातले तिघे गडावर होते. परतीच्या बसमध्येच ठरले की ही वाट दुरुस्त करायची.

पहिला उन्हाळा

एप्रिल-मेमधले सहा रविवार आम्ही काम केले. वीस-पंचवीस जण यायचे. टिकाव, पहारी, घमेली वाडीतून मागून घ्यायची. ओघळात दगड आणि मुरूम भरला, त्याच्यावर पायऱ्या रचल्या. पाणी अडावे म्हणून वाटेत दर दहा-बारा पावलांवर दगडांची आडवी ओळ, अगदी काटकोनात. वाट रुंद, स्वच्छ दिसू लागली. शेवटच्या रविवारी वाडीत सगळ्यांनी मिळून जेवण केले आणि आम्ही मनापासून समाधानी होतो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वर गेलो तेव्हा अर्ध्याहून जास्त पायऱ्या सुटल्या होत्या. आडव्या ओळींमागे आधी पाणी साठले, मग गाळ भरला, मग पाणी दोन्ही टोकांनी वळसा घालून गेले आणि जाताना काठ खाऊन गेले. मुरूम सगळा खालच्या खाचरात. ज्यांच्या खाचरात तो जाऊन बसला त्यांनी आम्हाला एका शब्दाने बोलले नाही. दोन दिवस राबून त्यांनी तो उपसला हे आम्हाला नंतर दुसऱ्यांकडून कळले, आणि मला वाटते संपूर्ण प्रकरणात सर्वात जास्त लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे.

जुलैतली एक सकाळ

पुढे काय करायचे यावर गटात दोन तट पडले. काहींचे म्हणणे, दगड लहान होते, पुढच्या वर्षी मोठे लावू, सिमेंट घालू. काहींना वाटले, हे आपल्या आवाक्यातले काम नव्हे. तेव्हा वाडीतल्या आण्णांनी निरोप धाडला, "पाऊस लागलाय तवर या. उन्हाळ्यात काय दिसनार हाय?"

आण्णा साठीच्या पुढचे. उभा जन्म खाचरांच्या ताली, म्हणजे माती धरून ठेवणाऱ्या दगडी भिंती, रचण्यात गेला. पहिल्या उन्हाळ्यात ते रोज देवळाच्या ओट्यावर बसून आमचे काम बघत. आम्ही त्यांना एकदाही काही विचारले नव्हते.

आम्ही चौघे गेलो. मुसळधार. आण्णांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ, हातात काठी. सोंडेवरच्या मोडक्या टप्प्यावर आम्ही थांबलो, तर ते थांबलेच नाहीत. तसेच वर गेले, ओघळ जिथे सुरू होतो त्याच्याही वर चाळीस-पन्नास पावले. तिथे डावीकडून एक ढोरवाट येऊन मुख्य वाटेला मिळते. वरच्या सपाटीवर गुरे चरायला जातात, त्यांच्या खुरांनी पडलेली. त्या ढोरवाटेतून मनगटाएवढी गढूळ धार येत होती आणि वळून सरळ आमच्या वाटेत उतरत होती.

"पानी हितनं येतंय," आण्णा म्हणाले. "खाली दगड लावून काय व्हनार?"

त्यांनी टाच रोवली आणि ढोरवाटेच्या खालच्या कडेला, जिथे ती मुख्य वाटेला मिळते त्याच्या हातभर अलीकडे, चिखलात एक रेघ ओढली. मग काठीने ती रुंद केली. धार क्षणभर घोटाळली आणि त्या तोंडातून उजवीकडच्या कातळावर गेली, तिथून ओढ्याकडे. आम्ही खाली वाटेकडे बघत उभे राहिलो. दहा मिनिटांत खालच्या ओघळातले वाहते पाणी ओसरले. राहिले ते फक्त वाटेवर पडणाऱ्या पावसाचे, पातळ, स्वच्छ.

सहा रविवार पंचवीस माणसांनी केलेले काम त्या पाण्याने पंधरा दिवसांत नेले होते, आणि ते पाणी वळवायला एक टाच पुरली. घाटमाथ्यावर वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारी ठिकाणे आहेत आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. इतक्या पाण्याचा रस्ता उन्हाळ्यात उभे राहून ओळखू येत नाही. हे एवढे साधे आम्हाला कळले नव्हते, कारण आम्ही गडावर कामाला जायचो ते उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जायचो ते फिरायला.

समोर असलेले पर्याय

त्या दिवसानंतर ऑगस्टमध्ये वाडीतल्या देवळात बैठक झाली. गट, गावकरी, आणि वनखात्याच्या वनरक्षक मॅडम. चार पर्याय पुढे आले.

पहिला, सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडे. निधी मिळवून देण्याची तयारी एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाने दाखवली होती. वाडीतल्या काही तरुणांना हे हवे होते आणि त्यांची बाजू खोटी नव्हती: पर्यटक वाढतील, जेवणाच्या ऑर्डरी वाढतील, म्हाताऱ्यांनाही गडावरच्या देवीला जाता येईल. पण सोंडेवर माती आहे, पाया नाही. खालून पाण्याने माती नेली की सिमेंटची अखंड लादी अधांतरी राहते आणि मग एकदम मोडते. दगड एकेक सुटतो, तो पुन्हा बसवता येतो.

दुसरा, त्याच सरळ रेषेत मोठ्या दगडांच्या पायऱ्या आणि वर पाणी वळवायची सोय. काम कमी, वाट ओळखीची. दोष हा की चढ इतका उभा होता की लोक पायऱ्या टाळून बाजूच्या गवतावरून उतरणारच.

तिसरा, सोंडेच्या कुशीत नवी नागमोडी वाट कोरणे. आमच्या गटातल्या एका अभियंत्याने तिचा नकाशाही काढला होता. कागदावर तो सर्वात चांगला पर्याय होता. बैठकीत वाडीतल्या एका बाईंनी विचारले, "ही वाट कोरणार ती आमच्या घरांच्या वरच ना?" मग कोणीच काही बोलले नाही. दरडी सगळ्यांना आठवल्या. माळीण 2014ची. इर्शाळवाडी 2023ची, तीही एका गडाच्याच पायथ्याला. घरांवरच्या उतारात नवा काप घ्यायचा नाही, हे तिथल्या तिथे ठरले. त्याच कारणाने सोंडेच्या वर सलग समतल चर खणण्याची सूचनाही मागे पडली. चर पाणी मुरवतात, माळरानावर ते उपयोगाचे. पण उभ्या उतारावर, घरांच्या डोक्यावर, पाणी मुरवून डोंगर जड करायचा नाही.

चौथा पर्याय आण्णांकडून आला. जुनी वाट. सोंडेच्या पलीकडच्या अंगाने, वाडीपासून दूर, पाच वळणे घेत ती वर जायची. डोक्यावर भारा किंवा दुधाचे हंडे घेऊन सरळ उभे चढता येत नाही, म्हणून तिकडून. गुरे कमी झाली, माथ्यावरचा गवळ्यांचा राबता संपला, आणि वाट कारवीच्या झुडपांत बुडाली. हात-दोन हातांचे सपाट पाऊल मात्र आत शाबूत होते. काही ठिकाणी खालच्या अंगाला जुनी रचलेली तालही होती.

जुनी वाट मोकळी करायची, सरळ वाट बंद करायची, आणि ढोरवाटेचे पाणी कायमचे वळवायचे, असे ठरले.

परवानगी, आणि अकरा दगड

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही वनरक्षकांना फोन करून "येतोय" एवढेच सांगितले होते. वनजमिनीवर खोदकाम ही तोंडी सांगून करायची गोष्ट नाही. या वेळी वनक्षेत्रपालांकडे रीतसर अर्ज दिला: नकाशा, कोणती झुडपे किती रुंदीत तोडणार, दगड कुठून आणणार. संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा ठराव जोडला. वाटेचा वरचा शेवटचा भाग स्मारकाच्या हद्दीला लागत असल्याने पुरातत्त्व विभागालाही पत्र दिले.

त्यांच्याकडून एक अधिकारी जागा बघायला आल्या. आम्ही पहिल्या वर्षी रचलेल्या पायऱ्यांपैकी ज्या शिल्लक होत्या त्यांच्यावरून चढताना त्या थांबल्या आणि वाकल्या. एका दगडाची कड सरळ होती. अंगावर छिन्नीचे तिरके घाव, एका बाजूला पांढरा चुना चिकटलेला.

"हा कुठून उचलला?" त्यांनी विचारले.

कोणालाच सांगता येईना. वरच्या दरवाज्याजवळ तट ढासळून दगडांचा ढीग पडला होता. चांगले चौकोनी दगड, हाताशी, म्हणून खाली आणले होते. त्यांनी रागावून नाही, अगदी शांतपणे समजावले की पडलेला घडीव दगड जिथे पडला आहे तिथेच त्याची किंमत असते. तो कोणत्या बाजूला, किती अंतरावर, कोणाच्या वर पडला, यावरून तट कसा उभा होता ते वाचता येते, आणि उद्या तो पुन्हा उभारायचा झाला तर त्याच वाचनावर उभारायचा. राज्याच्या 1960च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याने असे दगड हलवता येत नाहीत, हेही त्यांनी सांगितले.

आम्ही शोधले तेव्हा असे अकरा दगड निघाले. प्रत्येकाचा फोटो काढला, मापे घेतली, आणि त्यांच्या सांगण्यावरून ते तटाच्या पायथ्याशी एका ओळीत नेऊन ठेवले. दगड परत गेले, जागा परत गेल्या नाहीत. गडावरच्या प्रेमापोटी कामाला आलेल्या माणसांकडून गडाचेच हे नुकसान झाले, आणि ते भरून येण्यासारखे नाही. त्यानंतर एक नियम झाला: दगड फक्त ओढ्यातला किंवा खालच्या घसाऱ्यातला, तोही अनघड. छिन्नीचा एक जरी घाव दिसला तरी हात लावायचा नाही, वनरक्षकांना कळवायचे.

प्रत्यक्ष काम

ऑक्टोबरच्या शेवटी काम सुरू झाले. मातीत ओल असते, दगड नीट बसतो, आणि उन्हाचा त्रास नसतो. मेपेक्षा हा काळ कितीतरी चांगला.

आधी ढोरवाट. गुरांना ती हवी होती, त्यामुळे बंद करण्याचा प्रश्नच नव्हता. मुख्य वाटेच्या अलीकडे तिच्यात एक रुंद, उथळ खोलगट भाग केला आणि तळाला दगड पसरून पक्का केला. खाचराच्या बांधाला जादा पाणी जायला तोंड ठेवतात तसेच हे. गुरे त्यावरून सहज जातात आणि पाणी कातळाकडे निघून जाते. याला दीड दिवस लागला.

मग जुनी वाट. कारवी मुळासकट उपटायची नाही हे वनखात्याने बजावले होते, आणि ते बरोबरच आहे. उतार धरून ठेवते ती कारवीच. सात वर्षांनी फुलणारी ही झाडोऱ्याची भिंत आम्ही फक्त चालण्यापुरती, दीड हात रुंद, जमिनीपासून वीतभर वर तोडली. तोडलेली कारवी फेकली नाही, तिचा उपयोग पुढे झाला.

वाटेचा चढ किती ठेवायचा यासाठी जगभर वाटा बांधणारे लोक एक ठोकताळा वापरतात: डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको. जास्त असला तर पाण्याला वाट ओलांडून खाली जाण्यापेक्षा वाटेनेच पळणे सोपे पडते. आमच्या अभियंत्याने जुनी वाट मोजली तेव्हा पाचपैकी चार वळणांवर ती या हिशोबात चपखल बसली. ज्यांनी ती पाडली त्यांनी कोणताही नियम वाचला नव्हता, त्यांच्या डोक्यावर भारा होता. पाचव्या वळणाशी, तांबड्या पट्ट्याजवळ, ती खचली होती. तिथे ताल रचावी लागली.

ताल आण्णांनी रचली, आम्ही दगड पुरवले. हे काम जवळून बघणे ही माझ्यासाठी या तीन वर्षांतली सर्वात मोठी शिकवण. पाया हातभर खोल, आतल्या बाजूला किंचित कललेला. सर्वात मोठे दगड खाली. दगडाचे तोंड लहान आणि शेपूट लांब, शेपूट डोंगरात. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. दर हातभर उंचीला भिंत चार बोटे आत घ्यायची. पाठीमागे माती नाही, दगडगोटेच, म्हणजे पाणी अडून न राहता झिरपून जाते. प्रत्येक दगड बसला की आण्णा त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून अंग हलवत. जरा डुगडुगला तरी बाहेर. एक दगड मी पाच वेळा फिरवून बसवला, सहाव्यांदा त्यांनी तो फेकायला सांगितला. "ह्यो बसनाराच न्हाई. दुसरा बघ." चौथ्या रविवारी ताल पूर्ण झाली, माझ्या छातीएवढी.

वाटेत पाणी सोडायच्या जागा या वेळी काटकोनात केल्या नाहीत. तिरक्या, रुंद, आणि खालच्या टोकाला मोकळ्या; तोंड कुठे उघडते आणि पुढे पाणी कुठे जाते ते बघूनच जागा ठरली. अशी नऊ तोंडे.

शेवटी सरळ वाट बंद करणे. ओघळात अनघड दगडी बांध घातले, मध्ये खोलगट आणि कडांना उंच, खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाशी येईल इतक्या अंतराने. वरच्या आणि खालच्या तोंडाशी तोडलेली कारवी आडवी टाकली, म्हणजे तिकडे वाट आहे असे कोणाला वाटूच नये. फलक लावायचा का यावर चर्चा झाली. एक लहान दगडी बाण पुरेसा ठरला.

देखभाल कोणी करायची

काम झाले तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला, आणि त्यावर गट जवळजवळ फुटला. पावसाळ्यात तोंडे गाळाने, पाल्याने बुजतात. एक तोंड बुजले तरी पाणी पुन्हा वाटेने धावू लागते. म्हणजे पावसाळ्यात कोणीतरी फावडे घेऊन वर जायला हवे. आम्ही पुण्यात. वाडीतल्यांनी जावे, असे सगळ्यांच्या मनात होते, पण जुलै म्हणजे भाताची लावणी. त्या तीन-चार आठवड्यांत वाडीत एक हात मोकळा नसतो.

मी सुचवले की दोघा जणांना ठरलेल्या फेऱ्यांची रोजंदारी द्यावी आणि ती गटाने वर्गणीतून उभी करावी. यावर तीव्र विरोध झाला. गडाची सेवा आहे, तिच्यात पैसा आणायचा नाही. आम्ही घाम गाळतो ते पैशासाठी का? ही भावना मी हलकी मानत नाही, मीही त्याच भावनेने आलो होतो. पण आमचे श्रमदान सुट्टीच्या दिवसाचे होते. त्यांच्या श्रमदानाला कामाचा दिवस मोडावा लागणार होता. आण्णांच्या मुलाने बैठकीत एवढेच विचारले, "लावणीला मजूर लावला तर त्याला आम्ही द्यायचं कुठनं?" पाच जण गट सोडून गेले. त्यांतले दोघे पुढच्या वर्षी परत आले.

फेऱ्या अशा ठरल्या: पहिला जोराचा पाऊस झाल्यावर जूनच्या शेवटी, लावणी संपल्यावर ऑगस्टमध्ये, आणि पाऊस ओसरताना सप्टेंबरच्या शेवटी. लावणीच्या आठवड्यांत गटातले चौघे पुण्याहून जायचे. म्हणजे जुलैतला गडावरचा आमचा एक रविवार फिरण्याचा न राहता फावड्याचा झाला.

निष्पत्ती

जुन्या वाटेने आता दोन पावसाळे काढले. पहिल्यात नऊपैकी तीन तोंडे बुजली, एक पूर्ण फुटले. ते चुकीच्या जागी, वळणाच्या ऐन कोपऱ्यावर केले होते. ते चार पावले वर सरकवले. ताल जशीच्या तशी आहे. ढोरवाटेतले दगड गुरांच्या खुरांनी थोडे हलले, दर वर्षी सारखे करावे लागतात. दुसऱ्या पावसाळ्यात एकच तोंड बुजले.

जुन्या ओघळातल्या खालच्या चार बांधांमागे वीत-दीड वीत गाळ धरला आणि त्यावर गवत आले. वरचे दोन बांध तांबड्या पट्ट्यात होते, ते टिकले नाहीत. तिथे अजून उत्तर सापडलेले नाही.

लोक सरळ वाटेने उतरायचे पूर्ण थांबले का? नाही. उतरताना घाई असते, वरून खालची वाडी दिसत असते. पहिल्या वर्षी कारवीचा आडोसा चार ठिकाणी बाजूला सारलेला सापडला. वाडीतले तरुण आता गटांना घेऊन जाताना मुद्दाम जुन्या वाटेने नेतात आणि पाचव्या वळणावर थांबवून ताल दाखवतात. त्याने जितका फरक पडला तितका बाणाने पडला नाही. सिमेंटच्या पायऱ्यांचा प्रस्ताव अजून मागे घेतलेला नाही. वाडीत त्यावर दोन मते आहेत आणि तो निर्णय वाडीचा आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिला पावसाळा नुसता बघण्यात घालवायला हवा होता. एप्रिलमध्ये टिकाव उचलण्याआधी जुलैत छत्री घेऊन तीन वेळा गेलो असतो, तर पहिला सगळा उन्हाळा वाचला असता आणि त्या खाचरात मुरूम गेला नसता. त्या शेतकऱ्यांना आम्ही नंतर बांध घालायला मदत केली, पण ती मदत वर्षभर उशिरा आली.

आण्णांना पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. ते रोज समोर बसत होते. आम्ही वाडीतून घमेली मागून आणली, माहिती मागितली नाही.

परवानगीकडे आम्ही अडथळा म्हणून बघितले, म्हणून ती टाळली. ती आधी घेतली असती तर अधिकारी आधी आल्या असत्या आणि अकरा दगड जागेवर राहिले असते. ज्या गटांना गडावर काम करायचे आहे त्यांनी इतर सगळे विसरले तरी हे धरून ठेवावे: काम सुरू होण्याआधी संबंधित विभागाच्या माणसाला जागेवर फिरवून आणा आणि तो ज्या दगडाशी थांबेल तिथे तुम्हीही थांबा.

मजुरीचा प्रश्न कामाच्या आधी सोडवायला हवा होता. तो शेवटी आल्यामुळे माणसे दुखावली. पहिल्या बैठकीतच "पावसाळ्यात फावडे कोणाच्या हातात" हे विचारले असते, तर कदाचित नऊऐवजी सहाच तोंडे केली असती, सांभाळता येतील तेवढी.

एका बाबतीत मात्र मी आजही ठरवू शकलेलो नाही. सरळ वाट बंद केली तेव्हा वाडीतल्या दोन म्हाताऱ्या बायांची गडावरच्या देवीला जायची वाट लांब झाली. सरळ वाटेने त्या काठी टेकत, थांबत थांबत जायच्या. मोकळ्या केलेल्या जुन्या वाटेने चढ सोपा आहे, पण अंतर जास्त. एक जण म्हणतात सोपे पडते, दुसऱ्या आता जात नाहीत. बैठकीला त्या दोघी नव्हत्या.

फेऱ्यांची वही आण्णांच्या मुलाकडे असते. गेल्या ऑगस्टची नोंद त्याच्या हाताची आहे: "तिसरे तोंड पाल्याने बुजले होते. मोकळे केले. पाणी ओढ्याकडे."